न तपासलेले पाच महिने

दीपिका परब मालवण डेपोत कंडक्टर. वय छत्तीस. खाकी सलवार-कुर्ता, खांद्याला पिशवी, हातात तिकिटांचं मशीन, आणि विजयदुर्गापर्यंतच्या वाटेवर निम्मी माणसं तिला नावानं ओळखणारी. नवरा ओमकार गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायचा. एरवी घरात ती आणि सासू जानकी, दोघीच.

दसरा झाला आणि तिला खाली खाज सुरू झाली. घामानं असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. आठवड्याभरात अशी आग व्हायला लागली, की लघवीला बसताना ती भिंतीला हात टेकून दात आवळायची. आधी दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायचं. मग पातळ करडं पाणी जायला लागलं, आणि त्याला वास यायला लागला.

गावातल्या मेडिकलमध्ये जायची सोय नव्हती. काउंटरवरचा माणूस रोज तिच्याच गाडीनं यायचा. सुट्टीच्या दिवशी तोंडाला ओढणी बांधून ती कणकवलीला गेली. तिथल्या दुकानदारानं मलम आणि एक गोळी दिली. खाज चार दिवस थांबली, वास तसाच राहिला. मग एका खासगी डॉक्टरकडे गेली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पांढरं जातंय ना?" आणि गोळ्या लिहून दिल्या. आता वास गेला, पण खाज दुप्पट होऊन आली. पुन्हा मलम आणलं, तर पुन्हा वास. एकच दुखणं आपल्याला चकवतंय, असं तिला वाटायचं.

शेवटी ती धुवायच्या मागे लागली. जंतुनाशक घातलेलं कढत पाणी, दिवसातून चार वेळा, अगदी आतपर्यंत. कातडी सोलवटली तरी हात थांबेना.

ड्युटीवर ती बसेनाशी झाली. गाडी रिकामी असली तरी दांडा धरून उभी. सकाळच्या फेरीला कोळणी टोपल्या घेऊन चढल्या की तिचा जीव भांड्यात पडायचा. वास कुणाचा, हे मग कुणाला कळणार नव्हतं. एकदा दुपारच्या फेरीला गाडीत एकही टोपली नव्हती. पुढच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "ह्यो वास खंयसून येता गो? ती खिडकी उघड बघया." दीपिकानं खिडकी उघडली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिथून मालवण येईपर्यंत तिनं एकही तिकीट दिलं नाही. गाडी वळणावर कलली तेव्हा हात सोडून द्यावा, असं तिच्या मनात आलं.

ओमकार घरी आला की ती सासूच्या खोलीत झोपायची. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, "माका लांब कित्याक ठेवतंस? हयसर दुसरो कोण आसा काय?"

"माका दुखता," ती म्हणाली. "तूच थंय कोणाकडे जातंस काय, ता सांग. ह्या दुखणा तुज्याकडसूनच इला असात."

तो ताट तसंच ठेवून उठला, आणि पुढच्या पंधरवड्यापासून घरी यायचाच थांबला.

तिच्या गाडीला रोज सीता नावाच्या नर्सबाई असायच्या, सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या. फेब्रुवारीत एका सकाळी पास दाखवताना त्यांनी तिचा हात धरला. "महिनोभर बघतंय, तू बसणस नाय. खाली काय झाला?"

दीपिकानं नुसती होकाराची मान हलवली.

"मंगळवारी बायांची डॉक्टरीण येता. ये."

मंगळवारी ती गेली. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?" मागे तिच्याच वाडीतल्या दोघी उभ्या होत्या. "डोकं दुखतंय," म्हणाली, कागद घेतला आणि तडक स्टँडवर परत आली. त्या रात्री तिला ताप भरला, खाली इतकं सुजलं की सलवार घालवेना. पुढच्या मंगळवारी सीताबाई स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या आणि तिला थेट आत घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "पाच महिन्यांत कोणी तपासलं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, मॅडम."

पडद्याआड त्यांनी हळूच तपासलं, कापसाच्या काडीवर स्राव घेतला, काचपट्टीवर पसरून लॅबमध्ये पाठवला. रक्त घेतलं, साखरही बघितली. ती ठीक निघाली. तासाभरानं त्यांनी तिला समोर बसवलं. "तुम्हाला एक नाही, दोन इन्फेक्शन आहेत, एकाच वेळी. एक बुरशीचं, दुसरं जंतूंचं. तुम्ही एकाचं औषध घेत होतात, तेव्हा दुसरं तसंच राहत होतं. जंतूंच्या गोळ्यांनी तर बुरशी आणखी वाढते. आणि ते आत धुणं आजपासून बंद."

"माजा काय चुकला?" घाईत मालवणीच तोंडातून निघालं. "नवऱ्याकडून आलं का?"

"ही दोन्ही कुठल्याही बाईला होतात, त्यावरून नवऱ्यावर आळ घेता येत नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

दीपिका टेबलावर डोकं ठेवून रडली. ओमकारला आपण काय बोलून बसलो, हे तिला तेव्हा कळलं.

जंतूंच्या गोळ्या सात दिवस, आणि त्याच्याच जोडीला बुरशीसाठी आत ठेवायच्या गोळ्या. दहाव्या दिवशी वास नव्हता, आग नव्हती. पण महिन्यानं खाज परत आली. आपली यातून सुटका नाही, अशी तिची खात्री पटली. तरी या वेळी कणकवलीला न जाता ती मंगळवारी दवाखान्यात गेली. पुन्हा काचपट्टी झाली. फक्त बुरशी होती. आता दर आठवड्याला एक गोळी, सहा महिने.

त्या संध्याकाळी तिनं ओमकारला फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडे भांड्यांचे आवाज येत राहिले.

"माका आदी कित्याक सांगूक नाय?" तो म्हणाला.

"दुखता म्हणान सांगलेलंय. तू आयकूक नाय. आणि मी तुका बोललंय ता चुकला."

"बघतंय, रजा गावता काय," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

गोळ्या अजून चालू आहेत. तो अजून आलेला नाही.