पर्सला दिलेली धुरी

दांडीवर आईच्या दोन साड्यांच्या मधोमध ती तपकिरी पर्स उलटी टांगलेली होती, तिची पितळी कडी उन्हात चमकत होती, आणि तिच्या पोटातून एक अनोळखी सुगंध हळूहळू हडपसरच्या आमच्या इवल्याशा गॅलरीभर पसरत होता... बालपण म्हटलं की मला आजही आधी तो वास येतो.

बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. शहरात संगणकाच्या कंपन्या नव्यानं उघडत होत्या, आणि लग्नाआधी टायपिंग शिकलेल्या आईला त्यातल्या एकीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. नेसायला बरी साडी होती. पण हातात काय, भाजीची पिशवी? म्हणून रविवारी आम्ही दोघी जुन्या बाजारात गेलो. जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर कुणाचे कोट, कुणाचे बूट, तुटक्या बंदांच्या बॅगा... परक्या घरांची कपाटंच कुणीतरी रस्त्यावर उघडून ठेवल्यासारखी मला वाटली.

"घ्या वहिनी, फॉरेनची आहे," ती तपकिरी पर्स पुढे करत विकणारा म्हणाला.

"फॉरेनची असती तर इथे चादरीवर लोळत पडली असती का?" आई म्हणाली, आणि तिनं तीच उचलली.

घरी आल्या आल्या मी तिच्यात नाक खुपसलं. अत्तर, थोडी पावडर, आणि त्याखाली दडलेलं कुणाचं तरी अख्खं आयुष्य... मी त्या बाईला मनातल्या मनात उभं केलं — आखूड केसांची, उंच टाचांची, विमानातून अलगद उतरणारी. मला तो वास हवा होता. आईला मात्र तो घालवायचा होता. "दुसऱ्याची वापरलेली आहे हे तिथे कुणाला कळता कामा नये," असं ती पुन्हा पुन्हा म्हणे, आणि त्यात तिची सगळी अब्रू अडकलेली होती. ऊन दाखवून झालं, कडुनिंबाचा पाला झाला, कापूर झाला. वास काही हटेना. शेवटी मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिनं माळ्यावरून शेगडी काढली, जिच्यावर मी तान्ही असताना मला धुरी देत. निखाऱ्यांवर ऊद, ओवा, बाळंतशेपा टाकून तिनं पर्स वर धरली, न्हाऊ घातलेल्या बाळासारखी, या कुशीवर, मग त्या कुशीवर. खोलीभर निळसर धूर दाटला, माझे डोळे पेंगुळले, आणि विमानातली ती बाई त्या धुरात विरत विरत नाहीशी झाली. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी आई परतली ती हसतच. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी म्हणे मध्येच थांबून विचारलं, "काय हो, घरी बाळंतीण आहे वाटतं?"

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, कपाळ! खोटं सुचेचना. म्हटलं, नाही हो, पर्स जुन्या बाजारातली आहे, तिला धुरी दिलीय. इतक्या हसल्या त्या! आणि स्वतःची पर्स पुढे सरकवून म्हणाल्या, ही माझ्या थोरल्या जावेची. कामाला या सोमवारपासून."

त्या नोकरीनं आमचं घर तगलं. पुढे आईनं नव्या कोऱ्या कितीतरी पर्स घेतल्या. पण ही तिनं कपाटात मलमलीच्या फडक्यात गुंडाळून जपली.

गेल्या वर्षी आई गेली. तिचं कपाट आवरताना माझ्या लेकीनं पर्सचा फोटो मोबाइलवर विकायला टाकला. "पडून पडून चामडं तडकेल गं, आई," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. परवा हिंजवडीहून एक मुलगी ती घ्यायला आली, मूळची अमरावतीची, पहिल्याच मुलाखतीसाठी पर्स शोधणारी. तिनं टक्कन कडी उघडली, आत हुंगलं.

"काकू, हिला कसला तरी वास येतोय... लहान बाळाचा असतो ना, तसा. उन्हात ठेवली की जाईल ना?"

मी हात पुढे केला.

"जाईल गं," मी म्हटलं. "फक्त एकदा आण इकडे."

आणि त्या पोरीच्या देखत, काहीही न वाटून घेता, मी त्या पर्समध्ये नाक खुपसलं.