वेचणीच्या दिवसांतली बारा वाजताची शाळा

शालिकराम मास्तरांचा स्वभाव असा की, वाटेत आडव्या बसलेल्या म्हशीलाही ते "अहो बाई, जरा सरकता का?" म्हणत. तेल्हाऱ्यापासून दोन कोसांवरच्या गावात डिस्ट्रिक्ट कौन्सिलची शाळा ते एकटेच चालवीत. इयत्ता चार, खोली एक, आणि बारा वर्षं उत्तराची वाट पाहणारा एक अर्ज.

अर्ज साधा होता. शाळा सकाळी सातला भरे आणि हजेरीही तेव्हाच लागे. पण वावरात सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की पोरं भल्या पहाटे वावरात. दव असतं तोवर वाळला पाला चुरत नाही, कापूस स्वच्छ निघतो. ऊन चढलं की कापूस कमी आणि कचराच जास्त. म्हणून मास्तर दर वर्षी लिहीत : वेचणीचे दोन महिने शाळा दुपारी बाराला भरवावी. आणि दर वर्षी अकोल्याहून शाळा तपासायला डिप्टीसाहेब येत, रिकामी खोली पाहत, शेऱ्याच्या वहीत 'मास्तर उदासीन' असं लिहीत आणि चहा घेऊन जात. अर्जाबद्दल एक शब्द नाही. यंदा तर वरून कागदच आला होता : हजेरी अशीच राहिली तर शाळा बंद.

आता नवे डिप्टीसाहेब यायचे होते. मास्तरांनी ठरवलं, या वेळी रिकामी खोली दाखवून तोंडानंच सांगायचं. चार दिवस बायकोसमोर तालीम झाली.

"आवाज काढा ना जराकसा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मले इथं चुलीपाशी आयकू येऊन नाही राह्यलं."

पण गावाचाही मास्तरांवर जीव. तपासणीच्या दिवशी मास्तरांनी सातला दार उघडलं, तर पुढ्यात बेचाळीस पोरं! न्हालेली, डोक्यावर तेल थापलेली. मागे मिशीला पीळ देत रामराव पाटील.

"पाटील, हे काय करून ठेवलं तुमी?"

"काय म्हंजे? तुमची अब्रू वाचोली! कापूस राह्यला तं राह्यला वावरात."

पाटलांचा चेहरा इतका फुललेला की मास्तरांना रागावताही येईना.

साहेब आले. त्यांनी पोरं मोजली, खूश झाले आणि पिशवीतून मास्तरांचाच अर्ज काढला. गंमत म्हणजे तो त्यांनी वाचलेला होता.

"मास्तर, तुम्ही लिहिता की सकाळी मुलं येत नाहीत. इथे तर पाय ठेवायला जागा नाही!"

मास्तरांची सगळी तालीम रिकाम्या खोलीची होती. खरं बोलावं तर गाव खोटं पडतं. गप्प राहावं तर अर्ज कायमचा गेला, आणि उद्यापासून खोली पुन्हा रिकामी. दारात पाटील कौतुकानं पाहत होते. मास्तरांनी टोपी नीट केली.

"साहेब, हे माझ्यासाठी आलेत. शाळा बंद पडू नये म्हणून. उद्या या, न सांगता."

"मास्तर!" पाटील कळवळले.

साहेब पोरांच्या टाटपट्टीवर मांडी घालून बसले. "उद्या कशाला? आत्ता सांगा. मी ऐकतो."

बारा वर्षांत हे वाक्य मास्तरांच्या कानावर पहिल्यांदाच पडलं. ते सांगत सुटले. दव, पाला, अकराला संपणारी वेचणी. पोरंही चुका काढू लागली. "गुर्जी, अकराले नाई," चौथीतली शकुन म्हणाली, "भाकर खाऊन बाराच वाजते." शेवटी पाटीलही बोलले, "खरंच हाय सायब. आमीच येडे."

साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही?"

"आणखी?" मास्तर गोंधळले. आणखीची तयारीच नव्हती.

पुढल्या सोमवारी हुकूम आला आणि बारा वाजता शाळा भरली. पोरांची बोटं बोंडांनी ओरखडलेली, केसांत कापसाचे पुंजके. हजेरी एकोणचाळीस. त्यातली तिघं भिंतीला टेकून गाढ झोपली होती. मास्तरांनी त्यांची नावं हळू आवाजात घेतली, आपणच 'हजर' म्हटलं आणि बाकीच्यांना पाढे मनातल्या मनात म्हणायला सांगितले.