टेकडीवरची अळंबी

काळाचौकीच्या आमच्या चाळीतला एक शेजारी पावसाळ्यात शिवडीच्या टेकडीवर अळंबी खुडायला जायचा, कधी मलाही न्यायचा. वारुळावरची अळंबी हुंगून टोपीत ठेवायचा. विषारी दिसली की टाचेनं चिरडायचा. म्हणायचा, "कोणतरी चुकान खायत."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात त्याचा भाऊ गेला. पुढच्या पावसाळ्यात टेकडीवर बंदोबस्ताचा पोलीस भेटला. त्याच्या रुमालातली अळंबी विषारी होती. मलासुद्धा ओळखू आली.

"पाव्हणं, ही खायाची का?"

शेजाऱ्यानं ती शांतपणे हुंगली. "खावा. बरी लागता."

हाच माणूस? "टाका ती! विष आहे!" मी ओरडलो.

पोलीस रुमाल झटकून निघून गेला. शेजाऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू भावावर गोळी मीच झाडली होती.