वृंदामावशींचं ‘आणि मग?’

वृंदामावशी कुणाचंही बोलणं मध्येच तोडत नाहीत. समोरचा माणूस थांबला की त्या मान जराशी डावीकडे कलवतात आणि म्हणतात, “आणि मग?” तो पुन्हा बोलायला लागतो. पुन्हा थांबला की पुन्हा, “आणि मग?” बसस्टॉपवरचे आजोबा असोत, दुकानातला भाजीवाला असो, नाहीतर फोनवरून ब्रॉडबँड विकणारा एखादा मुलगा. त्या मुलाने एकदा आपलं लग्न कसं मोडलं ते मावशींना सविस्तर सांगितलं आणि ब्रॉडबँडचं विसरूनच गेला.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी सतरा वर्षांची होते. इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊ गावाजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये मी दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जायचे. दाराशी उभं राहायचं आणि गोंधळलेल्या लोकांना त्यांच्या विभागापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच काम. मावशी तिथे फिजिशियन असोसिएट, म्हणजे ‘पीए’ होत्या. त्या पेशंटची सगळी हकिकत ऐकून घेतात, तपासतात आणि पुढे काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवतात. माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून त्या थांबल्या.

“सायली? मराठी काय गं तू?”

“हो. कुडाळचे आम्ही.”

“मी नागपूरची. चल, कॉफी पिऊ. नुसती उभी राहून पाय दुखले असतील तुझे.”

खरोखरच दुखत होते. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे काही शनिवार मी त्यांना पेशंटशी बोलताना लांबून पाहिलं आणि मला वाटायला लागलं की आपल्यालाही हेच करायचंय. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “म्हणजे कंपाउंडर?” मला फार वाईट वाटलं. मावशींना घाबरत घाबरत हे सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. “बरोबर ओळखलं की तुझ्या आईनं! फक्त मी बाटलीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत नाही.” त्यानंतर फोन केला की त्या आईला म्हणायच्या, “वहिनी, कंपाउंडर बोलतेय.”

पण पीएचा कोर्स करायचा तर आधी एक डिग्री लागते. ती कोणत्या विषयाची घ्यायची, इथेच माझं अडलं. आमच्याकडे इंग्लंडमध्ये पहिल्या दिवसापासून एकाच विषयाची डिग्री असते. वर्षभर चार विषय चाखून मग ठरवू, असं सहसा चालत नाही. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये निवडीचे पाच रकाने, आणि जानेवारीत तो बंद होणार. मैत्रिणींच्या घरी आईवडिलांना हे सगळं ठाऊक होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. बाबा इथे आचारी म्हणून आले आणि मग कितीतरी वर्षं ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बेकरी कारखान्यात पाव पॅक करायच्या मशीनवर. आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये. मी चुकले तर ती चूक आहे हे ओळखणारंसुद्धा घरात कुणी नाही, याची मला भीती वाटायची.

शाळेत सगळे म्हणाले, बायोमेडिकल सायन्स घे, ते सगळीकडे चालतं. एका संध्याकाळी बाबा गॅससमोर उभे होते, वरचा एक्झॉस्ट फॅन चालू होता. मी धीर करून विचारलं, “बाबा, बायोमेडिकलच घेऊ ना?”

“हो हो, घे की,” बाबा म्हणाले.

माझ्यापुरतं ठरलं. बाबांची इच्छा आहे, आता मागेपुढे पाहायचं नाही.

शनिवारी मी मावशींना ही बातमी दिली. त्यांनी मान कलवली. “काहून बायोमेडिकल?”

“सगळीकडे चालतं म्हणून.”

“आणि मग?”

“मग पीएचा कोर्स.”

“आणि तिथं नाही मिळाला प्रवेश तर? डॉक्टर नसलेल्या आमच्यासारख्यांनी पेशंट तपासावेत का, यावरून सध्या किती वाद चाललेत, ऐकतेस ना? उद्या जागाच कमी झाल्या तर?”

“तोवर तीन वर्षं तर निघतील ना,” मी म्हणाले.

“बाप्पा! डिग्री म्हणजे काय वेटिंग रूम आहे का? तीन वर्षं राहायची खोली आहे ती. पुढचं दार उघडलं नाही, तरी तिथं आनंदानं राहता आलं पाहिजे.”

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांनी नागपूरला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, कारण झाडं आवडायची. इथे येऊन मुलीला मोठं केलं आणि चाळिशी ओलांडल्यावर पीएच्या कोर्सला अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, झाडं शिकून माणसांकडे कशा वळलात? “मी म्हटलं, झाड सांगत नाही कुठं दुखतं ते. बघतच राहावं लागतं. माणूस निदान बोलतो तरी. सोपं पडेल मला!” हे त्या अशा तोऱ्यात सांगायच्या, की अजून मुलाखतीतच बसल्यात असं वाटावं.

“पण मावशी, मला काय आवडतं तेच मला कळत नाही.”

“मला कळतं ना. गेले कित्येक शनिवार ऐकतेय मी. तू इथे हजार लोकांना हृदयाकडे नेतेस, डोळ्यांकडे नेतेस. पण मला येऊन सांगतेस ते कानांच्या खोलीचंच.”

खरंच होतं ते. श्रवणयंत्र लावल्यावर स्वतःच्याच बुटांचा आवाज ऐकून थबकलेले आजोबा, नातवाचा आवाज इतका बारीक आहे हे पहिल्यांदाच कळलेल्या बाई, हे सगळं मी त्यांना हातवारे करून सांगितलं होतं. ऑडिओलॉजी म्हणजे श्रवणशास्त्राची डिग्री असते, हे मी गुपचूप वाचूनही ठेवलं होतं.

“पण मी बाबांना विचारलंय. त्यांची इच्छा बायोमेडिकलची आहे.”

मावशींनी थोडा विचार केला. “मला जेवायला बोलव.”

पुढच्या रविवारी त्या आल्या. बाबांनी स्वतः सोलकढी केली होती. जेवताना मावशी बोलत होत्या आणि बाबा प्रेमाने “हो हो” म्हणत होते. ते कायमच असे. आम्हाला तो त्यांचा स्वभाव वाटायचा. जेवण झालं, बाबा पाठमोरे होऊन सिंकपाशी भांडी विसळायला लागले. मावशी आपल्या खुर्चीत बसूनच, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “भाऊ, या सोलकढीत मी माझा मोजा बुडवू का?”

“हो हो, बुडवा की,” बाबा म्हणाले.

आईला हसू आवरेना. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. दर शनिवारी मी किती लोकांना कानांच्या खोलीपर्यंत पोचवत होते, आणि घरातल्या माणसाला मी कधी…

मावशींनी बाबांना समोर बसवलं, आणि त्यांना ओठ दिसतील असं बोलायला लागल्या. “भाऊ, सायलीनं तुम्हाला बायोमेडिकल घेऊ का असं विचारलं होतं. आठवतं?”

बाबा चक्रावले. “कधी? मला तर ती मेथी घेऊ का विचारत होती.”

आई ताडकन म्हणाली, “तरीच! दोन दिवस माझ्या मागे लागला होतात, मेथी आणली का, मेथी आणली का!”

एवढे हसलो आम्ही, की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली. बाबाही हसले. मग ओले हात पुसत म्हणाले, “कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात ताई, तिथे कळत नाही. बाहेर लोकांना परत परत विचारायला बरं नाही वाटत. हो म्हटलं की सगळे खूश.”

“आणि मग?” मावशींनी हळूच विचारलं.

बाबा माझ्याकडे वळले. “मला त्यातलं काय कळतं, बाय? तुला कळतं ते घे. फक्त काय शिकतेस ते मला सांगत जा. जरा मोठ्यानं.”

फॉर्म मी नव्याने भरला. त्याआधी दोन दिवस बसून पीएचा कोर्स असलेल्या ठिकाणांना एकेक ईमेल केली: ऑडिओलॉजी चालेल का? काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही. मी ती यादी मावशींना दाखवली. त्यांनी नकारांवरून नुसती नजर फिरवली. “हो म्हणणारे आहेत ना? बस. आणि कुणीच हो म्हटलं नसतं तर काय केलं असतंस?”

“तरी हेच घेतलं असतं,” मी म्हणाले. असं ठामपणे मी बहुतेक पहिल्यांदाच काही बोलले असेन.

बाबांना त्याच वसंतात दोन्ही कानांना यंत्रं मिळाली. घरी आल्या आल्या त्यांनी फ्रिज बिघडलाय म्हणून तक्रार केली. तो पूर्वीपासून तसाच घुरघुरत होता. संध्याकाळी फोडणी टाकली आणि झारा हातात तसाच धरून उभे राहिले. मोहरी तडतडत होती. इतकी वर्षं स्वयंपाक करणारा माणूस, पण अलीकडे ते वासावर आणि डोळ्यांवरच चालवत होते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मग आणखी एक बदल झाला. बाबा ‘नाही’ म्हणायला लागले. हे नको, ते आवडलं नाही, हा सिनेमा बकवास आहे. आई वैतागून मावशींना फोन करायची, “आधीचेच बरे होते हो!”

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे पीएचा अर्ज करायचाच आहे, पण रोज सकाळी लेक्चरला जाते ती त्यासाठी नाही. क्लिनिकमध्ये कुणी बोलता बोलता थांबलं, की माझी मान आपोआप डावीकडे कलते.

गेल्या महिन्यात मावशी एडिनबराला गेल्या. तिथे त्यांची मुलगी असते, आणि नोकरीही तिथेच मिळाली. जाण्याच्या दिवशी आम्ही तिघं सामान लावायला गेलो. मला रडू येत होतं म्हणून मी उगाचच खोक्यांना टेप लावत होते. बाबा गाडीच्या डिकीत वाकून सोलकढीची बाटली दोन उशांच्या मधे नीट बसवत होते, आमच्याकडे पाठ करून. रस्त्यावरून बस चालली होती. मावशींनी माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “भाऊ, प्रवासात या सोलकढीत मोजा बुडवला तर चालेल का?”

“नाही!” बाबा न वळताच ओरडले.

मावशींचे डोळे भरून आले. मान डावीकडे कलवून त्या कशाबशा म्हणाल्या, “आणि मग?”

बाबांनी डिकी लावली. “आणि मग काय? बाटली परत आणून द्या. तुम्ही स्वतः.”