मामांनी दांडी सोडली नाही

तळमजल्यावर कॅज्युअल्टी, तिसऱ्या मजल्यावर वॉर्ड, आणि मधे आमचे वॉर्डबॉय मामा. तीस वर्षं स्ट्रेचर ढकलतायत. खालचा पेशंट लिफ्टनं वर न्यायचा, खाटेवर सरकवायचा, रिकामं स्ट्रेचर घेऊन खाली. केसपेपर पेशंटच्या उशाखाली असायचा. खालची सिस्टर फोनवर चार शब्द सांगायची, वरची सलाईन लावता लावता हो हो म्हणायची.

मामांना हे कधी पटलं नाही. बैल विकताना दावं हातात देण्याआधी त्याची खोड सांगतात, म्हणायचे, इथं अख्खा माणूस देतात नि तोंड उघडत नाहीत. ऐकणारे हसून सोडून द्यायचे.

एका दुपारी एक म्हातारे सुतार आले, छातीत कळ घेऊन. खाली रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं, तेवढ्यात दोन अपघातवाले आले आणि ते कागदावर चढवायचं राहिलं. मामांनी सुई टोचताना बघितली होती. वर पोचले तर नेमकी ड्युटी बदलत होती. नवी सिस्टर तेच इंजेक्शन भरून आली. द्यायचं असं कागदात होतं, दिल्याची नोंद नव्हती, तिचा काय दोष?

पेशंट अजून स्ट्रेचरवरच होता. मामांनी दांडी घट्ट धरली.

"सिस्टर, हे खाली दिलंय."

"कागदावर नाही. तुम्ही डॉक्टर कधी झालात, मामा?"

"झालो नाही, म्हणूनच म्हणतो. खालच्या सिस्टरला वर बोलवा. तोवर मी खाटेवर देत नाही."

सुताराची बायको एकदा सुईकडे बघायची, एकदा मामांकडे. खालची सिस्टर जिना चढून धापा टाकत आली. ती भरलेली सुई बघून मटकन स्टुलावर बसली.

"दिलंय गं. मीच दिलंय."

दुसरा डोस गेला असता तर रक्त आवरलं नसतं. वरच्या सिस्टरनं सुई ट्रेमध्ये ठेवली.

आता खालची सिस्टर स्ट्रेचरबरोबर वर येते. काय दिलं, काय द्यायचं, काय चालत नाही ते खाटेपाशी सांगते. वरची ते तोंडानं परत म्हणून दाखवते. मगच मामा दांडी सोडतात. मोठ्या डॉक्टरांनी अठरा चौकटींचा फॉर्मही काढला. तो कपाटात सुखी आहे.

आठव्या दिवशी सुतार चालत घरी निघाले. जाताना मामांना म्हणाले, त्या दिवशी छातीपेक्षा पाठच जास्त दुखली, किती वेळ लोखंडावर निजवलंत.

"दुखू दे की," मामा म्हणाले, "दुखायला पाठ तरी राहिली."