निम्मंच मोजणारा कॉम्प्युटर आणि माझी आत्या

आमच्या न्हावरे गावात कुणीही कुणालाही "चालतंय की" म्हणावं, माझ्या आत्याला म्हणू नये. डझनात अकरा केळी निघाली तर ती बाजार उठायच्या आत केळेवाल्याकडे परत जायची. "बारावं काय झाडावरच राह्यलं व्हय?" असं विचारायची, तेही हसत. त्या हसण्याला माणसं जास्त भ्यायची. मीसुद्धा.

घराच्या पुढच्या खोलीत तिनं टायपिंगचं काम सुरू केलं होतं. तिच्या थोरल्या दिरांना, आबांना, त्याच खोलीत कांदा भरायचा होता. आत्याला शाळेच्या स्मरणिकेचं काम मिळालं, तेव्हा आबा म्हणाले, "मुदतीत झालं तर खोली तुझी. न्हाई झालं, तर कांदा."

स्मरणिकेत फोटो फार. म्हणून आत्यानं शिरूरला जाऊन कॉम्प्युटरमध्ये रॅमची आणखी एक पट्टी बसवून आणली. घरी बटण दाबलं, काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे पांढरे आकडे धावले आणि निम्म्यावरच थांबले. फोटोचं पान उघडलं की कॉम्प्युटर जागच्या जागी गारठायचा.

शिकायला आत्याकडे राहिलेला मी घरातला एकटा कॉम्प्युटर शिकलेला. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं होतं, आणि ज्ञानही बहुधा तिथंच राहिलं होतं. मी तो बंद करून चालू केला. परत बंद करून चालू केला.

"झालं तुझं?" आत्या म्हणाली. "आता गोधडी आण."

गोधडीत बांधलेला कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन ती शिरूरच्या एसटीत बसली, शेजारी मी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टीव्ही बिघडला का?"

"न्हाई वो, मोजायला चुकतोय. दुकानदाराला इचारायला चाललोय."

दुकानदारानं डबा उघडलासुद्धा नाही. "ताई, एवढी मेमरी तुम्हाला लागतीच कुठं? चालतंय की."

मी हळूच खुर्ची मागं सरकवली.

"मला किती लागती ते मी बघन. तुम्ही दोन बसवल्या, ह्यो एकच मोजतोय. दुसरी काय शोभंला हाय?"

तिनं त्याला दोन्ही पट्ट्या आलटूनपालटून लावायला लावल्या. पहिल्या खाचेत कुठलीही चालायची, दुसऱ्या खाचेत एकही नाही. खाचच मेलेली.

"खाचेसकट सगळा बोर्डच पुण्याला पाठवावा लागंल. महिना जाईल," दुकानदार म्हणाला. तोवर स्मरणिकेची मुदत संपणार होती.

आत्यानं त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता. "ह्यात बी असलाच बोर्ड हाय ना? मग ह्यो मला लावा, आन् माझा तुम्ही ठेवा. पत्ते खेळायला निम्मी मेमरी बास हाय."

तो नाही म्हणाला. आत्या बाकावर बसली, पिशवीतली भाकरी काढली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागली, "तुमचा तरी पुरा मोजतोय का वो?" दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरली, तसा दुकानदारानं स्क्रू ड्रायव्हर उचलला.

या वेळी आकडे शेवटपर्यंत धावले. स्मरणिका वेळेत निघाली. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली, चूक काहीच सापडेना, तेव्हा कांदा मुकाट शेतातल्या कांदाचाळीत नेला.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि आत्या दौंडला लेकीकडे राहायला निघाली. आबा दारातच हात पुढं करून उभे. "खोलीची किल्ली दे. आता तुला काय करायची?"

आत्यानं किल्ली काढली, आबांच्या हातावरून पुढं नेली आणि ओसरीवर शिवणकाम करणाऱ्या त्यांच्याच धाकट्या सुनेच्या मुठीत घातली. "शिलाई मशीन उद्याच आत आण. कुणी कांद्याची गोणी घेऊन आलं, तर मला फोन कर. दौंड काय लांब न्हाई."

आबा सुनेकडे बघत राहिले. सून खाली बघत होती, पण मूठ तिनं उघडली नाही.