उतरलेलं बाळसं

त्या वर्षांत बाहेरगावच्या मेडिकल कॉलेजातले विद्यार्थी बालरोग शिकायला काही आठवडे कोल्हापूरला आमच्या इस्पितळात येत. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी नुकतीच डॉक्टर होऊन या गावात आलेली, कॉन्व्हेंटात शिकलेली. इंग्रजीत तासभर बोलू शके. मराठीत दोन वाक्यांनंतर अडखळे. तास संपला की मुलं घोळक्यानं चहाला जात. मी औषधांच्या खोलीत दार लोटून डबा खाई.

एकदा राधानगरीकडची एक बाई आपल्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब होतात म्हणून घेऊन आली. गाल गोबरे, पाय तुकतुकीत भरलेले, गालावर काजळाची मोठी तीट. मी त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला. खळगा तसाच राहिला. हे बाळसं नव्हे, नुसत्या पेजेवर वाढलेल्या मुलाची सूज आहे, असं मी विद्यार्थ्यांना इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांनी पाळीपाळीनं दाबून पाहिलं. आई हसत होती. तिला वाटलं, आम्ही कौतुकच करतोय.

दूध सुरू केल्यावर सूज उतरली आणि खरं मूल दिसू लागलं. बरगड्या, काटक्यांसारखे पाय.

"मॅडम, सूज जाताना निम्मं बाळही घेऊन गेली," एक विद्यार्थी म्हणाला.

आईनं गाठोडं बांधायला घेतलं. "गुटगुटीत लेकरू आणलंतं मी! ह्या बाप्यांनी खाटंभवती उभं राहून नजर लावली. चाललो आम्ही."

पुन्हा पेजेवर गेलं असतं तर ते मूल वाचलं नसतं. मी तिचा अंगठा धरून मुलाच्या पावलावर दाबला. उचलला, तर खळगा नव्हता.

"आला तेव्हा आत... पाणी होतं. आता नाही," एवढंच मला जमलं. "त्याला भूक लागते ना आता?"

"लागती की. वाटी सोडत न्हाय." ती मुलाकडे बघत राहिली. मग गाठोडं खाली ठेवलं. "ऱ्हाते. पर ही टोळी दाराभाईर. आणि मी दृष्ट काढणार."

नर्सबाई कुरकुरल्या. मी हो म्हटलं.

संध्याकाळी तिनं मुलावरून मीठ-मोहरी उतरवली. मग दुसरी मूठ भरून माझ्याकडे वळली.

"बसा, डाक्टरीणबाई. तुमची कोण काढतंय हितं?"

मी स्टुलावर बसले. या गावात आल्यापासून माझ्या चेहऱ्याच्या इतकं जवळ कुणाचा हात आला नव्हता. कुठं बघावं कळेना, म्हणून मुलाच्या पावलांकडे बघत राहिले.